येडगावला जायची फियाट

९ डिसेंबर २००१, रविवार

फियाटचं बॉनेट उघडलं आज. दहा महिन्यांनी. आत उंदरानं संसार मांडलाय — कापूस, कांद्याची वाळकी पात, सरूच्या जुन्या लुगड्याची चिंधी. माझ्यापेक्षा बरा संसार!

सकाळी सोपान आला होता. यष्टीत कंडक्टर आहे, नारायणगाव-येडगाव फेरी त्याच्याकडं असते. ओट्यावर टेकला, चहा घेतला. सरू कप घेऊन आत गेली तसा हळूच म्हणाला, "रखमाजीभाऊ, आरती भेटली व्हती स्टँडवर. सातवा लागलाय म्हनली. आण्णा न्यायला येत्यात का तेवढं इचारा, म्हनली. बास, एवढंच."

मी म्हणालो, "कोण आरती?"

सोपान उठून गेला. रामरामसुद्धा घातला नाही. बरोबरच आहे त्याचं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात बापानं जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण ज्या पोरीचा दहावा आपण जिवंतपणी घातला, तिला आणायला कुठल्या तोंडानं जायचं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

सरूला म्हणालो, गाडी उघडतोय, दुरुस्त करून विकून टाकू. ती म्हणाली, "उघडा."

विकायची नाही. इथं खरं लिहितो. गाडी नीट करायची, येडगावला जायचं आणि पोरीला मागच्या सीटवर बसवून आणायचं. तिचा सातवा सरायच्या आत.

१० डिसेंबर

दोष माझाच. दीड वर्ष पेट्रोलमध्ये रॉकेल मारलं. विहिरीवरची जुनी इंजिनं रॉकेलवर चालतात, मग ही का नाही चालणार? — ही माझी अक्कल! तीस वर्षं विहिरींची इंजिनं उघडतोय. महाळुंगे ते कळंब अशी एक विहीर नाही जिच्यात उतरलो नाही. लोक लांबून 'मिस्त्री' म्हणून हाक मारतात. त्या माजात गेलो. रॉकेलनं ऑइल पातळ केलं, बेअरिंग खाल्ली, वर पाणी तापून हेडचं पॅकिंग उडालं.

आणि उडालं कधी? आरती पळून गेली त्याच दिवशी! फेब्रुवारीत. तिची चिठ्ठी हातात घेऊन मी गाडी काढली, तिला आणि त्या टेंपोवाल्या आदेशला रस्त्यात गाठायचं म्हणून. नारायणगावच्या अलीकडं पांढरा धूर, खडखड, बंद. बैलं लावून आणली घरी.

चालली असती तर गाठलं असतं. गाठलं असतं तर केसाला धरून आणलं असतं. तेव्हा मी तसाच होतो. आजही फार बदललोय असं नाही.

१६ डिसेंबर, रविवार

ऑइल सोडलं. ताकासारखं निघालं. पाणी मिसळलंय. सरूच्या परातीत सोडलं म्हणून तिनं शब्द ऐकवला — "घरात माज्या तेवढी परात ऱ्हायली व्हती." ती असं काही बोलली की बरं वाटतं. नाहीतर बोलतच नाही.

हेड सुटेना. मागच्या पत्र्याकडं एक नट आहे, मॅनिफोल्डच्या आड. पाना बसत नाही, माझा पंजा आत शिरत नाही. हा नट आजवर मी कधी खोललेलाच नाही. आरती खोलायची. मनगट बारीक. डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "आण्णा, तुमचा हात हाये का फावडं?"

१८ डिसेंबर

नट निघाला नाही.

२० डिसेंबर

निघाला. दोन बोटांची सालं गेली. बाहेर काढला, हातात धरला आणि रडलो. बावन्न वर्षांचा घोडा, अंगणात बसून नटावर रडतोय! बरं झालं सरू कांदे लावायला गेली होती.

हे सगळं माझ्याच अंगणात सुरू झालं. आदेश टेंपो चालवायचा. डोंगराकडची माणसं ती, भातखाचरं सोडून येडगावात येऊन राहिलेली. टेंपोचं इंजिन घेऊन आला माझ्याकडं. चार दिवस इथंच बसून होता. आरती पाने द्यायची, तो कसायचा. मीच म्हणालो सरूला — पोराचा हात चांगला आहे, घाई करत नाही. मीच म्हणालो! मग तो पुन्हा आला, काही बिघडलेलं नसताना. तेव्हा मला कळायला हवं होतं. बिघडलेलं नसताना इंजिन कोण आणतं?

२३ डिसेंबर, रविवार

पाण्याचा पंप उतरवला. खालचं पॅकिंग जाड पुठ्ठ्याचं — विकतचं नाही. हे तिनं कापलेलं. बारावीच्या वहीचं कव्हर होतं. पंप पुठ्ठ्यावर दाबून ठसा घ्यायची आणि हातोडीनं हळूहळू ठोकत भोकं पाडायची. मी शिकवलं तसं.

उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला निळ्या शाईत — 'कु. आरती रख'. तिथं भोक. पुढं काही नाही.

जुनं पॅकिंग खरवडून काढावंच लागतं. नाहीतर पाणी गळतं. ब्लेड घेतलं, बसलो. नाव सोडून सगळं खरवडलं. मग नावही खरवडलं. काय करणार!

३० डिसेंबर, रविवार

दादाभाऊ येऊन गेला. माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, भावकीत त्याचा शब्द चालतो. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली.

"कशाला येवढा आटापिटा, रखमा?"

"विकायचीय."

"विकायची ना? मंग ठीके. मी ऐकलं, तुझा येडगावला जायचा इचार हाये. तसं आसंल तर आत्ताच सांगतो — दहावा झालेलं मानूस घरात आनलं, तर भावकी तुझ्या दारात पानी प्यायची नाय."

मी पाना पुसत राहिलो. त्याला म्हणायला हवं होतं, दादाभाऊ, दहावा तुझ्या आग्रहानं झाला. म्हणालो नाही. कारण डोकं माझं भादरलं होतं, त्याचं नाही. हो म्हणणारा मीच.

तो दिवस. नदीवर. पिंड ठेवलं. कावळे होते, झाडावर सात-आठ. एकही खाली येईना. तासभर झाला. दादाभाऊ म्हणाला, "काय इच्छा ऱ्हायली आसंल तर बोल." मी काय बोलणार! पोरगी वीस किलोमीटरवर जिवंत, भाकरी थापत असेल, आणि मी तिची राहिलेली इच्छा कावळ्याला विचारतोय. कावळ्यांना अक्कल होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

घरी आल्यावर दुसरं पाप केलं. सरू ऊर बडवत होती. तिला म्हणालो, "तिच्या दारात पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." शपथ घातली. सरू शपथ मोडणारी बाई नाही. तेव्हापासून नवरा जिवंत ठेवायचा म्हणून लेकीला भेटत नाही.

१ जानेवारी २००२

ऑइलवाल्यानं नवी डायरी दिली. पहिल्या पानावर लिहायला काही चांगलं नाही.

७ जानेवारी, सोमवार

इंजिनाचा क्रँक घेऊन नारायणगावला गेलो. कुशाबाच्या लेथवर घासायला. पोत्यात गुंडाळून यष्टीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "पावनं, काय वो एवढं जपून न्हेताय?" म्हणालो, क्रँक. तिला काय कळणार. म्हणाली, "आसू द्या, सांभाळा."

कुशाबा म्हणाला, "मिस्त्री, आठ दिस लागत्याल." हात मोकळे झाले. स्टँडवर आलो तर समोर येडगावची गाडी उभी. पाटी लावलेली, चालक बसलेला. दारात सोपान. त्यानं मला बघितलं. घंटी मारली नाही. थांबला. गाडीतली माणसं ओरडायला लागली तरी थांबला.

मी पाठ फिरवून उसाचा रस मागितला. जानेवारीच्या गारठ्यात!

हात रिकामे होते. पोरीसाठी काही घेतलं नव्हतं. सातव्यातल्या पोरीला यष्टीच्या धक्क्यांत कसं आणणार. आणि कळंबच्या स्टँडवर उतरलो तर सगळं गाव बघणार. गाडी असली की काचा वर करून सरळ अंगणात येता येतं. एवढी कारणं मी एका ग्लासात प्यालो.

१४ जानेवारी

संक्रांत. सरूनं तिळगूळ हातावर ठेवला. म्हणाली, "गोड बोला आसं म्हनत्यात. तुमी नुसतं बोला तरी. दोन शब्द. 'शपथ सुटली' म्हना. मी माजी जाते यष्टीनं. तुमी नका येऊ."

म्हणालो, गाडी होऊ दे.

"यष्ट्या बंद झाल्यात का?"

मी उठून गाडीकडं गेलो. तिला कळलंय. विकायची गोष्ट तिनं पहिल्या दिवशीही खरी मानली नव्हती.

तिनं एकटीनं का जावं? मीच नेणार तिला, मीच आणणार पोरीला. एकदा तरी काहीतरी मी नीट करणार.

२७ जानेवारी, रविवार

क्रँक आला. बेअरिंग बसवली. व्हॉल्व्ह घासायला घेतले. पेस्ट लावायची, काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत घुसळायची. आठ व्हॉल्व्ह. चार झाल्यावर हात भरून आले.

सरू आली. काठी माझ्या हातातून घेतली, बसली आणि रवी घुसळावी तशी घुसळायला लागली. तिच्या हाताची लय माझ्यापेक्षा सरळ. मी रॉकेल ओतून बघितलं — थेंबही गळला नाही.

"आट हायेत नव्हं? झाले ना?"

"झाले."

"मंग लवकर करा," म्हणाली. "आता नववा लागंल पोरीला."

शब्दात राग नव्हता. त्यानंच जास्त लागलं.

१० फेब्रुवारी, रविवार

इंजिन बसवलं. तीन वासे, साखळी, आणि गल्लीतली आठ माणसं. अंधार पडायच्या आत घरी जायची सगळ्यांना घाई, उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन फिरतेय. कुणी विचारलं नाही कुठं जाणार म्हणून. सगळ्यांना माहीत आहे.

मागचा नट मीच लावला. एक तास.

१७ फेब्रुवारी, रविवार

लागत नाही! सेल्फ फिरतो, कार्ब्युरेटरमधून उलटा बार येतो, भुवया जळाल्या. ठिणगीचा एक-तीन-चार-दोन असा क्रम असतो, तो बरोबर आहे. करंट आहे. पेट्रोल आहे — नुसतं पेट्रोल, रॉकेल नाही, देवाशपथ! तरी लागत नाही. विहिरीवरच्या एका सिलिंडरचा माणूस मी. ह्या बयेला चार आहेत आणि चारही वेगवेगळ्या तोंडानं रडतात.

१९ फेब्रुवारी

सापडलं. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसवला होता. पिस्टन वर आला म्हणजे बार झालाच, असं धरलं. पण वर तो दोनदा येतो. एकदा बार द्यायला, एकदा नुसताच धूर टाकायला. मी नुसत्या धुराच्या वेळेला ठिणगी देत होतो. आरती असती तर हसून लोळली असती.

उद्या लावून बघतो.

२४ फेब्रुवारी, रविवार

लागली. पण खालून खडखड येतेय. बेअरिंग परत बघावं लागेल. खालचं ऑइल चेंबर उघडलं. आणखी दहा-पंधरा दिवस.

१ मार्च

बेअरिंग तपासतोय.

५ मार्च, मंगळवार

सोपान आला. आज बसला नाही. उभ्यानंच सांगितलं —

"रयवारी पहाटं बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या हायेत." मग म्हणाला, "लई वाट बघितली तिनं, भाऊ. कळा सुरू झाल्या तरी गाडीचा आवाज आला की दाराकडं बघायची म्हनं. तिच्या सासूनं सांगितलं मला."

सरू दारात उभी होती. सगळं ऐकलं. आत गेली. डिंकाचे लाडू बांधलेले होते, मला पत्ताच नव्हता. डबा आणून सोपानच्या हातात दिला. सोपाननं तो परत तिच्या हातात दिला. म्हणाला, "तुमीच न्ह्या, वयनी. मी न्हाय न्हेनार आता."

६ मार्च

सकाळी सरू अंगणात आली. मी गाडीखाली होतो. मला फक्त तिचे पाय दिसत होते.

"त्या रयवारी इंजिन गुण्यात वाजत व्हतं," म्हणाली. "मी ऐकलं. तीस वरसं तुमच्या इंजनांचे आवाज ऐकतेय मी. दहा मिन्टं चाललं, कुटं खडखड न्हाई, कुटं आचका न्हाई. मंग तुमी बंद केलं, बसून ऱ्हायले आणि खालून नट खोलाया लागले. मला वाटलं आता बोलतील, मंग बोलतील. धा दिस वाट बघितली. माज्या लेकीनं तिकडं बघितली, मी हिकडं."

मी बाहेर आलोच नाही. तोंडावर ऑइल ठिबकत होतं, तसाच पडून राहिलो.

ती खरं बोलली. आणि मी या पानावरही खोटं लिहिलं! २४ तारखेला खडखड नव्हती. इंजिन इतकं सुरेख लागलं की बॉनेटवर ठेवलेला पाना हलला नाही. मग स्टिअरिंगवर हात ठेवला आणि कळलं — आता कारण उरलं नाही. आता जावं लागणार. दादाभाऊच्या दारावरून जावं लागणार. आरतीच्या दारात उभं राहावं लागणार, आणि ती म्हणाली असती, कशाला आलात? मला तेवढं ऐकायचं नव्हतं. म्हणून चांगलं इंजिन उघडलं. विहिरीत उतरताना कधी भ्यालो नाही. लेकीला भ्यालो.

ती मला हाक मारत होती आणि मी बरं असलेलं बेअरिंग पुसत बसलो होतो. यापुढं काय लिहू.

संध्याकाळी चुलीपाशी गेलो. म्हणालो, "सरू, शपथ सुटली. सुटली, सुटली, सुटली."

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "आता सुटून काय!" आणि मग तोंडात पदर कोंबून रडली.

१० मार्च

चेंबर बंद केलं. ऑइल भरलं. दादाभाऊ रस्त्यावरून जाताना थांबला. "झाली का विकायजोगी?" म्हणाला. मी म्हणालो, "येडगावला चाललोय येत्या रविवारी. लेकीकडं. दोघींना आणायला. पाणी नको पिऊस माझ्या दारात, जा!"

तीन महिने उशीर केला हे म्हणायला.

१६ मार्च

दाढी केली. सरूनं बाळाला कुंची शिवली. मागच्या सीटवर गोधडी घातली, दुहेरी.

१७ मार्च २००२, रविवार

गेलो. वाटेत एकदाही आचका दिला नाही.

आरती ओट्यावर होती. आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. सरूनं बाळ घेतलं. मी गाडीचं दार धरून उभा. आवाज ऐकून शेजारची बाई आली. म्हणाली, "आई व्हय गं तुजी?"

"हां, आई."

"आन् ह्ये पावनं कोन?"

आरतीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आमच्या गावचे मिस्त्री हायेत. त्यांच्या गाडीतनं आली आई."

बाई माझ्याकडं वळली, "व्हय का, मिस्त्री?"

मी हो म्हणालो.